पाकिटाची मागची बाजू



या अंकाचं संपादकीय गोळ्यांवर लिहायचं आणि ते मी लिहायचं, असं बैठकीत ठरलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले होते. कारण सांगायची लाज वाटत होती. आता सांगते.

सोलापुरात आमच्या केंद्रावर दर शनिवारी विडीकामगार बायका येतात. त्यांच्यातल्या एका अक्कांची ही गोष्ट. वय पंचेचाळिशीच्या आसपास. बाराव्या वर्षापासून विड्या वळतायत. मांडीवर सूप, मान खाली, उजेड असेपर्यंत बोटं चालू. तीस-बत्तीस वर्षं असं बसल्यावर मान, पाठ आणि अंगठे दुखणारच. चार वर्षांपूर्वी वस्तीजवळच्या एका दवाखान्यात त्यांना एक गोळी मिळाली. "ताई, ही गोळी घेतली की अंग कापसासारखं होतं. हजार विड्या कशा होतात कळतसुद्धा नाही," असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला बरंच वाटलं. एकदा त्यांना बाहेर पडणं जमेना, तर त्या गोळ्यांची तीन पाकिटं मीच दुकानातून आणून दिली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, मीही दाखवली नाही. पाकिटाची मागची बाजू मी वाचलीच नाही. समाजकार्यात एम.ए. केलेली मी, व्यसनाधीनतेच्या पेपरात चांगले गुण मिळवलेली.

गेल्या पावसाळ्यात आठवडाभर ती गोळी दुकानात मिळेना. अक्कांना दुसऱ्या दिवशीच दरदरून घाम फुटला. नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, हुडहुडी, रात्रभर पाय स्वस्थ राहीनात. घरच्यांना वाटलं, साथीचा ताप. सासूबाईंना वेगळंच वाटलं, आणि एक मांत्रिकही येऊन गेला. मग नवऱ्याने दुसऱ्या पेठेतून कुठून तरी पाकिटं आणली, आणि अक्कांनी आठवड्याची तूट एका दिवसात भरून काढल्यासारख्या गोळ्या घेतल्या. रात्री त्यांना फिट आली. सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टर मुलीने पाकीट उलटं करून नाव वाचलं. ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल. "दिवसाला किती घेता?" सुरुवात दोनपासून झाली होती, आता दहा-बारा होत होत्या. डॉक्टरने अफू हा शब्द उच्चारला, तेव्हा अक्का खाटेवर उठून बसल्या. "मी आजवर तंबाखूची चिमूटसुद्धा तोंडात घातली नाही हो," म्हणाल्या. आयुष्यभर तंबाखू हाताळणाऱ्या बाईचे हे शब्द मी विसरू शकलेले नाही.

आम्हाला शिकवलेल्या व्यसनात बाई फार कमी वेळा असायची. दारूडा नवरा आणि त्याची मार खाणारी बायको, एवढाच तिचा त्या धड्यातला भाग. दारूबंदीच्या आंदोलनात आम्ही बाटल्या फोडल्या, गुत्ते बंद पाडले, ते योग्यच होतं. पण घरातल्या देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात, डॉक्टरने दिली म्हणून श्रद्धेने ठेवलेल्या गोळीकडे आमचं लक्ष गेलं नाही. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या संस्थेत, जी डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केली, आज स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे. तो लागतो, यातच सगळं आलं.

आता थोडं औषधाबद्दल, कारण ते समजल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. अफूच्या बोंडातून मॉर्फिन आणि कोडीन निघतं. त्याच जातीचं काम करणारी पण शेताशी काही संबंध नसलेली, कारखान्यात रसायनांपासून केलेली औषधंही आहेत. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, पेंटाझोसिन आणि यांच्यात सगळ्यांत जहाल फेंटॅनिल. फेंटॅनिल हे मॉर्फिनच्या पन्नास ते शंभर पट तीव्र असतं. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात, तिथे ते वरदान आहे. त्याच फेंटॅनिलचे दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे थोडे कण, सवय नसलेल्या माणसाचा श्वास थांबवू शकतात. ही सगळी औषधं मेंदूत एकाच प्रकारच्या जागी जाऊन बसतात. वेदना कमी करतात, बरं वाटवतात आणि श्वासही मंदावतात. शरीर सरावतं, तेवढ्यानेच भागेनासं होतं, मात्रा वाढते. मग गोळी थांबली की शरीर बंड करतं. यात त्या बाईच्या चारित्र्याचा किंवा मनाच्या दुबळेपणाचा काही भाग नाही. बरोबर दारू असेल किंवा झोपेची गोळी असेल तर धोका कितीतरी वाढतो, आणि आपल्याकडे झोपेची गोळीही अशीच सहज दिली जाते. ट्रॅमाडॉल या घराण्यातलं सौम्य औषध मानलं जातं. पण जास्त मात्रेत फिट आणणं हा त्याचा खास गुण आहे, आणि नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर घेतलं तर तो धोका आणखी वाढतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये बजावलं की अंगावर पाजणाऱ्या आईने ट्रॅमाडॉल आणि कोडीन घेऊ नये, कारण दुधातून ते बाळाला जाऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. सिझेरियननंतर घरी पाठवताना दिलेल्या गोळ्यांची चिठ्ठी आपल्यापैकी किती जणींनी कुणाकडून समजून घेतली?

(साध्या वेदनाशामक गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, या जातीच्या नाहीत. त्यांची सवय लागत नाही. पण वर्षानुवर्षं उपाशीपोटी घेतल्या तर त्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंड खराब करतात. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवं. चिठ्ठीवरच्या वेड्यावाकड्या अक्षरात मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.)

चाळिशीच्या पुढच्या मैत्रिणींना निळी कॅप्सूल आठवत असेल. पाळीत पोट दुखलं की कुणाच्या तरी पर्समधून ती निघायची. स्पास्मो प्रॉक्सिव्हॉन. कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही ती एकमेकींना लिमलेटच्या गोळीसारखी दिली आहे. तिच्यातलं डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफीन हे अफूच्याच घराण्यातलं कृत्रिम औषध होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्याच वेळी मणिपूर, मिझोराम, नागालँडमध्ये तरुण मुलं त्या कॅप्सूल फोडून, पाण्यात कालवून शिरेत टोचत होती. शिरेत जाण्यासाठी ते औषध केलेलंच नव्हतं. हातापायाला गळवं व्हायची, काहींचे अवयव कापावे लागले. मणिपूरच्या आया मशाली घेऊन रात्री रस्त्यावर पहारा देत होत्या, त्या मैरा पायबींच्या लढ्याविषयी आपण कौतुकाने बोलत आलो. पण त्यांच्या मुलांच्या शिरेतलं आणि आपल्या पर्समधलं औषध एकच होतं, हा धागा आपण जोडला नाही. केंद्र सरकारने मे २०१३ मध्ये डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफीनवर बंदी घातली. मग त्याच नावापुढे 'प्लस' लागलं आणि आत ट्रॅमाडॉल आलं.

आमच्या आधीच्या पिढीतल्या मैत्रिणी हे वाचून ओळखीचं हसतील. त्यांनी १९८० च्या दशकात ई.पी. फोर्टच्या विरोधात मोहीम चालवली होती. गरोदरपणाची तपासणी म्हणून ती हार्मोनची गोळी सर्रास दिली जायची आणि पोटातल्या बाळाला तिचा धोका होता. १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला, कंपन्यांनी न्यायालयातून स्थगिती आणली, आणि शेवटी १९८८ मध्ये बंदी आली. मधली सहा वर्षं बायका ती गिळत राहिल्या. मी त्या वेळची पत्रकं वाचली आहेत. त्यांतला प्रत्येक प्रश्न आज जसाच्या तसा विचारता येतो. आणखी एक योगायोग लिहून ठेवते. ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉल ही दोन्ही औषधं शोधणारी जर्मन कंपनी ग्रुनेनथाल. १९५७ ते १९६१ या काळात गरोदर स्त्रियांना मळमळीवर थॅलिडोमाइड विकणारी, आणि हजारो मुलं हातपाय अपुरे घेऊन जन्माला आली ती, हीच.

हे सगळं कुठपर्यंत जाऊ शकतं हे पाहायचं तर अमेरिकेकडे पाहावं लागतं. तिथे याची सुरुवात रस्त्यावरच्या गर्दुल्ल्यांपासून झाली नाही, डॉक्टरच्या टेबलापासून झाली. १९८० मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना ही औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद आहे, एवढंच त्यात होतं. घरी नेऊन महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात एक अक्षर नव्हतं. पण पुढे ते पत्र शेकडो ठिकाणी पुरावा म्हणून वापरलं गेलं. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सीकॉन्टिन बाजारात आणलं. औषध हळूहळू सुटतं म्हणून व्यसनाचा धोका कमी, असं सांगत तिचे विक्री प्रतिनिधी गावोगावच्या डॉक्टरांकडे गेले. पाठदुखीवर, गुडघेदुखीवर, दात काढल्यावर, सगळ्यावर या गोळ्या लिहिल्या जाऊ लागल्या. २००७ मध्ये कंपनीने आणि तिच्या तीन बड्या अधिकाऱ्यांनी व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला, कंपनीला साठ कोटी डॉलर भरावे लागले. विक्री चालूच राहिली.

त्यात बायकांचं काय झालं? डॉक्टरने लिहून दिलेल्या वेदनाशामकांच्या अतिमात्रेने अमेरिकेत १९९९ ते २०१० या काळात सुमारे ४८,००० स्त्रिया मेल्या. या अकरा वर्षांत अशा मृत्यूंचं प्रमाण पुरुषांत २६५ टक्क्यांनी वाढलं, स्त्रियांत ४०० टक्क्यांहून जास्त. तिथल्याच सरकारी आरोग्य यंत्रणेने त्याची कारणं मांडली. स्त्रियांना जुनाट दुखणी अधिक असतात, त्यांना या गोळ्या अधिक वेळा, अधिक मात्रेत लिहून दिल्या जातात, आणि त्या जास्त काळ घेतात. म्हणजे बाईच्या दुखण्याकडे लक्ष दिलं गेलं ते असं. मग गोळ्यांवर कडक निर्बंध आले, तेव्हा आधीच अडकलेल्यांना उपचार मिळण्याऐवजी दार बंद मिळालं. ते हेरॉइनकडे वळले, आणि २०१३ नंतर रस्त्यावरच्या मालात चोरून बनवलेलं फेंटॅनिल मिसळलं जाऊ लागलं. २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत तिथे अतिमात्रेने दरवर्षी एक लाखाहून जास्त माणसं मेली, त्यांत बहुतेक मृत्यूंत फेंटॅनिल होतं.

छायाचित्रकार नॅन गोल्डिन हिला मनगटाच्या दुखण्यासाठी ऑक्सीकॉन्टिन दिलं गेलं आणि ती काही वर्षं त्यात बुडाली. बाहेर आल्यावर तिने २०१७ मध्ये एक गट उभा केला. पर्ड्यूची मालकी असलेल्या सॅकलर कुटुंबाची नावं मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर होती. मार्च २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या सॅकलर दालनात जाऊन या गटाने औषधांच्या रिकाम्या बाटल्या तिथल्या पाण्यात फेकल्या आणि मेल्यासारखे जमिनीवर झोपले. डिसेंबर २०२१ मध्ये त्या संग्रहालयाने ते नाव उतरवलं. आपल्या मोर्च्यांची आठवण करून देणारी ही कृती मला फार आवडते.

आपल्याकडे अमेरिकेसारखं झालेलं नाही. पण निर्धास्त राहावं असंही नाही. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातले सुमारे २.१ टक्के लोक अफूच्या जातीचे पदार्थ वापरत असल्याचं दिसलं, आणि जवळजवळ एक टक्का लोक औषधाच्या रूपातले. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पर्यंत अमली पदार्थांच्या कायद्याखाली नव्हतंच. आता आहे. शिवाय ते एच-वन यादीत आहे, म्हणजे दुकानदाराने डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. मी तीन पाकिटं आणली ती हा नियम लागू असतानाच.

आणि आपण केवळ गिऱ्हाईक नाही, उत्पादकही आहोत. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की मुंबईची एक कंपनी टॅपेंटाडॉल आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टकडे पाठवते. हे मिश्रण जगात कुठेच मान्यताप्राप्त नव्हतं. पश्चिम आफ्रिकेतल्या रस्त्यांवर पोरं ते खात होती. बातमीनंतर छापे पडले, केंद्राने त्या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवली. त्या कारखान्यांत गोळ्या पाकिटात भरणाऱ्या बायकाच असतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. घानातल्या आईला आपण काय उत्तर देणार?

इथे एक धोका आहे, आणि तो मला आमच्याच काही कार्यकर्त्यांच्या बोलण्यात दिसतो. "बंदी घाला" ही आपली सवयीची घोषणा. पण याच घराण्यातल्या मॉर्फिनवाचून या देशात लाखो माणसं तळमळत मरतात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ उभं केलं की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. केरळचे डॉ. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि परवाना सोपा झाला. तरीही लॅन्सेटच्या आयोगाने २०१७ मध्ये हिशेब मांडला तेव्हा भारताला गरजेच्या जेमतेम ४ टक्के एवढंच औषध मिळत होतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने शेवटाला आलेली खेड्यातली बाई आठवा. तिला पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतात. आणि जिला खरं म्हणजे विश्रांती, बसायला नीट जागा आणि व्यायाम हवा होता, तिला ट्रॅमाडॉल. दोघींनाही कुणी नीट विचारलेलं नसतं.

अक्कांच्या दवाखान्यात कुणी विचारलं असतं, "दिवसाला किती तास बसता?" तर? गोळीने त्यांचं दुखणं थांबवलं त्याहीपेक्षा विड्यांची संख्या वाढवली. २०१९ मध्ये एका वृत्तसंस्थेने तमिळनाडूच्या कापड उद्योगातल्या शंभरेक बायकांशी बोलून लिहिलं होतं, की पाळीत पोट दुखलं तर मुकादम नाव नसलेल्या गोळ्या हातावर ठेवतात, सुट्टी देत नाहीत. त्या गोळ्या अफूच्या घराण्यातल्या नव्हत्या, पण रीत तीच. आणि बीड जिल्हा आपल्या शेजारचाच. त्याच वर्षी राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. खाडा पडला की पैसे कापतात, म्हणून दुखणाऱ्या अवयवालाच रजा. कामाच्या जागी बाईला बसता येईल, दुखलं तर थांबता येईल, यासाठी कुणाचा खिसा हलका होणार असेल तर त्याऐवजी गोळी नेहमीच स्वस्त पडते.

म्हणून हा विषय आरोग्य शिबिरापुरता ठेवू नये असं मला वाटतं. विडीकामगारांच्या मजुरीच्या बैठकीतही तो यावा. आणि आपण कार्यकर्त्या रोज जे करू शकतो त्याची सुरुवात पाकीट उलटं करण्यापासून. आत काय आहे, किती दिवस घ्यायची, थांबवताना कशी थांबवायची, हे तीन प्रश्न बाईच्या वतीने डॉक्टरला विचारा. दुकानातून बिल घ्या. एखादी कित्येक महिने ट्रॅमाडॉल किंवा टॅपेंटाडॉलवर असेल तर घाबरवून तिच्या हातची गोळी काढून घेऊ नका, मी आता हे शिकले. एकदम बंद केली तर अक्कांसारखे हाल होतात. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात हळूहळू मात्रा कमी करतात, गरज पडली तर ब्युप्रेनॉर्फिन देतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा बिनपैशाचा राष्ट्रीय क्रमांक आहे. आणि कुणी गोळ्यांनंतर हलवूनही जागी होत नसेल, घोरल्यासारखा मंद श्वास असेल, ओठ निळे पडले असतील, तर झोपू द्या म्हणून सोडू नका, तडक दवाखान्यात न्या. नॅलोक्सोन हे उताऱ्याचं औषध तिथेच मिळेल. पोलीस येतील, लोक काय म्हणतील, या भीतीपायी वेळ जातो.

अक्का आता दिवसाला दोन गोळ्यांवर आल्या आहेत. दर पंधरा दिवसांनी रुग्णालयात जातात, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. विड्याही सातशेच्या आसपासच होतात, आणि कारखान्याने त्यावरून दोनदा सुनावलं आहे. मी तीन पाकिटं आणली होती हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते आठवतच नव्हतं.

पुढच्या अंकासाठी एक विनंती. तुमच्या वस्तीतल्या, गटातल्या बायका रोज दुखण्यावर कोणती गोळी घेतात ते पाकीट उलटं करून बघा आणि नावं लिहून पाठवा. बाईचं नाव नको. तिचं काम काय, गोळी किती वर्षं चालू आहे, पहिली कुणी दिली आणि त्या वेळी काय सांगितलं, एवढं पुरे. पोस्टकार्डावर मावतं.